रुमालाखालची चार बोटं

सर्जाआप्पांचा चेहरा आठवायचा तर मला फोटो बघावा लागतो. हात मात्र डोळे मिटले की समोर येतो. रुंद पंजा, कोरडा, उन्हात तापलेल्या दगडासारखा उबदार. अंगठ्याच्या नखाला मधोमध चीर, कधीतरी म्हशीचं शिंग लागून पडलेली. आप्पा जाऊन आता दोन पावसाळे झाले. दर बाजाराला मी कुणाचा ना कुणाचा हात हातात घेतो, आणि दर वेळी मला वाटतं, हा तो नव्हे.

याला कारण आमचा धंदा. आम्ही दोघंही हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, त्यातही म्हशींचे. आमच्या बाजारात म्हशीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा दाबला की पाच. पुढं किती शून्यं लावायची ते जनावर बघूनच दोघांना कळलेलं असतं. भोवती सगळा बाजार उभा असला तरी भाव त्या दोन हातांतच राहतो. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. पण यात कागद नाही, साक्षीदार नाही. समोरच्यानं जी बोटं धरली ती आपल्याला कळली, एवढाच काय तो करार. म्हणून हेड्याचं नाव म्हणजे त्याचा हात. ज्याच्या रुमालाखाली कुणी हात घालत नाही त्यानं दुसरा धंदा बघावा.

आप्पांचा हात रुमालाखाली बोलायचा. वर ते पावसाची चौकशी करत असायचे, समोरच्याच्या सासरवाडीची नावं विचारत असायचे, आणि खाली बोटं नकार देत असायची. फारच पडता किंवा चढा भाव कुणी केला तर ते करंगळीनं त्याच्या मनगटावर दोनदा टकटक करायचे. त्याचा अर्थ, येडा हायस का. ती टकटक मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा खाल्ली आहे. मी घासाघीस करणारा माणूस आहे. कोथिंबिरीच्या जुडीलाही पहिला सांगितलेला भाव मी दिलेला नाही. वैरणीचे भारे वाहत मी या बाजारात आलो आणि आज माझ्या गोठ्यातून म्हशी आजऱ्यापर्यंत जातात, ते असं घासूनच.

भारे वाहायचो तेव्हा मला सौद्यात कुणी उभं करून घेत नव्हतं. एकदा धीर करून मी एका रेडीसाठी आप्पांच्या रुमालाखाली हात घातला. त्यांनी हात धरला, सोडला आणि रुमाल झटकला.

"नाव काय तुजं?"

"दत्ता."

"दत्त्या, हाताला घाम हाय तुज्या. घाम आला की समोरच्याला कळतंय, ह्याला म्हस पायजेच हाय. जा, माती चोळून ये."

माणसं हसली. मी रागानं निघून जाणार होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "जा म्हंजे परत ये. रेडी हितंच हाय."

मी हात मातीत चोळून परत आलो आणि रेडी घेतली. आप्पांनी मला तिच्यात एक बोटही सोडलं नाही. पण त्या दिवसापासून बाजारात माझा हात चालू लागला, कारण तो आप्पांनी धरला होता.

ते बाजारात कधी बसायचे नाहीत. चहासुद्धा उभ्यानं. "बसल्या माणसाला भाव कमी मिळतोय," म्हणायचे. शहरात गेले की गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं दूध प्यायचे, तेही उभ्यानं, आणि कट्ट्यावरच्या म्हशीशी दोन शब्द बोलून मगच पेला परत करायचे. एखादा माणूस फोनकडं बघत दूध पिताना दिसला की त्याला ऐकवायचे, "पावणं, ती म्हस तुमच्याकडं बघत्या. तुमी बी जरा बघा की तिच्याकडं."

जनावर तपासावं तर त्यांनी. काही व्यापारी बाजाराच्या आदल्या दिवशी म्हशीला मीठ चारतात. मग ती घटाघटा पाणी पिते आणि दुसऱ्या दिवशी कशी भरलेली, तकतकीत दिसते. आप्पा तिच्या अंगाला अंगठा लावायचे, दाबायचे, आणि न बोलता पुढं जायचे. एवढ्यावर त्या म्हशीचा भाव पडायचा. पण त्यांचा खरा राग होता तो पान्ह्याच्या इंजेक्शनवर. म्हैस रेडकाला बघून, आंबोणाच्या, भिजवलेल्या पेंडीच्या वासानं, ओळखीच्या हातानं पान्हा सोडते, कासेत दूध उतरवते. काहीजण तेवढी वाट बघत नाहीत. सुई टोचतात आणि दूध उतरवून घेतात. एकदा एका व्यापाऱ्यानं चार माणसांसमोर अशी धार काढून दाखवली. बादली फेसानं भरली. आप्पा वाकून कासेला हात लावून आले.

"ही पान्हा सोडत न्हाय," ते म्हणाले. "हिच्याकडनं सोडवून घेतलाय."

"दूध तर आलं न्हवं, आप्पा?"

"आलं की. हुकमानं आलं. पर रोज हुकूम सोडल्यावर आत काय हुतंय ते तुला ठाव हाय? मला बी न्हाय. म्हणून मी घेत न्हाय."

हे शब्द मी मुद्दाम नीट लिहून ठेवतो आहे. पुढं याच माणसानं काय केलं ते सांगायचं आहे.

त्याची सुरुवात एका खुर्चीनं झाली. शहरातनं एक तरुण जोडपं म्हैस बघायला आलं होतं, नोकरी सोडून दूधधंदा करणारं, भलं. आप्पा त्यांना म्हशीचे दात दाखवत होते. ती मुलगी चहाच्या टपरीवरनं प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, बसा ना. किती वेळ उभे आहात."

आप्पा बसले नाहीत. पण सौदा झाल्यावर त्या खुर्चीकडं त्यांनी दोन-तीनदा बघितलं. मला म्हणाले, "दत्त्या, मी म्हातारा दिसाय लागलोय व्हय रं?"

मी म्हणालो, "गिऱ्हाइकाला म्हाताराच बरा वाटतोय. फसवणार न्हाय असं वाटतंय."

मी चेष्टा केली होती. त्यांच्या गुडघ्यांनी तेव्हा नुकती कुरकुर सुरू केली होती आणि झोप तुटत होती, हे मला नंतर कळलं.

आप्पांच्या बहिणीचा मुलगा रणजित. त्याची हायवेला जिम आहे, आरशांची, मोठ्या आवाजात गाणी लावलेली. त्यानं मामाला सांगितलं की अशी इंजेक्शनं निघाली आहेत, पेप्टाइड म्हणतात, रोज संध्याकाळी पोटाच्या कातडीत बारीक सुई घ्यायची. वय मागं जातं, झोप लागते, सांधे सुटतात. स्टेरॉइड नाही, बाहेरचं काही नाही, शरीर स्वतःच जे बनवतं तेच जरा जास्त बनवायला सांगतं. आप्पांनी ते घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही. लेक सुनंदा त्यांच्याकडंच राहायची, तिलाही नाही. फ्रीजच्या दारात लोण्याच्या डब्यामागं त्या बाटल्या असायच्या. म्हशीचं औषध आहे असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

सुरुवातीला माणूस खुलला, हे मीही बघितलं. झोप चांगली लागायची. भूक अशी वाढली की टपरीवर झुणक्यासोबत भाकरीवर भाकरी जायची. गाल भरले, सुरकुत्या कमी झाल्या. बाजार म्हणू लागला, आप्पा तरणं झालं.

"काय खातासा आप्पा?"

"म्हशीचं दूध," ते हसून म्हणायचे.

अंगठा लावून दुसऱ्याच्या म्हशीतलं पाणी ओळखणारा माणूस आरशात स्वतःच्या गालाला तजेला समजत होता. मला राग येतो तो इथं. पण मला तरी कुठं कळलं? रुमालाखाली त्यांचा हात गुबगुबीत लागू लागला होता. हुपरीहून घडवून आणलेली चांदीची अंगठी बोटात रुतू लागली, मग एक दिवस ती दिसेनाशी झाली. सौद्यानंतर ते हात झटकायचे, पाणी झटकावं तसे. बोटं धरल्यावर उत्तर यायला पूर्वीपेक्षा वेळ लागायचा. मला वाटलं, आप्पा आता भाव खायला लागले.

मग तो सौदा झाला. मी विकणारा, आप्पा घेणारे. माझी पहिल्या वेताची म्हैस होती, शांत, चार सडांनी सारखी. त्यांना ती एका जुन्या गिऱ्हाइकासाठी हवी होती. रुमाल त्यांचाच होता. मी त्यांची चार बोटं धरली, अंगठ्याशेजारच्या बोटापासून करंगळीपर्यंत, आणि दाबली. मनात होतं, करंगळीची टकटक येणार, मग मी एक बोट सोडणार, मग ते आणखी एक सोडायला लावणार. आमचं नेहमीचं. पण आप्पांनी लगेच रुमालाखालीच माझ्या तळहातावर टाळी दिली. सौदा पक्का. एवढ्या झटक्यात त्यांनी कधीच होकार दिला नव्हता. मी चकित झालो, खरं सांगायचं तर थोडा हिरमुसलोही. भांडून मिळालं नाही तर मला गोड लागत नाही.

दावं सोडून म्हैस त्यांच्या हाती दिली आणि पैशाचं बोलायला आम्ही बाजूला गेलो. तिथं ते दोनचं बोलले.

"आप्पा, चार."

"दोन धरलीस तू."

"चार धरली. करंगळीसकट."

"करंगळी हुती. तिच्या शेजारचं हुतं. बास." त्यांचा आवाज चढला. "मला वाटलं, दत्त्याचं मन मोठं झालं. म्हणलं, इतक्या वर्सात पयल्यांदा सरळ भाव केला गड्यानं."

दत्त्या आणि सरळ भाव, यावर बाजूची माणसं हसली. माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या रुमालाला हात घातला आणि म्हणालो, "परत धरून दाखवतो. या हिकडं."

"आता काय दाखवतोस? बोट काढून घेतलंस तू आतल्या आत."

बोट काढून घेणं म्हणजे आधी कमी धरून सौदा पक्का करायचा आणि मग जास्त धरली होती म्हणायचं. आमच्यात यापेक्षा वाईट शिवी नाही. आई-बहिणीवरची शिवी माणूस विसरतो. ही विसरत नाही. मी म्हणालो, सौदा मोडला, म्हैस परत द्या. त्यांनी म्हैस दिली नाही. माझ्या चार बोटांप्रमाणे सगळा व्यवहार तिथंच पुरा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घे. तुजी चार बोटं. पर हितनं पुढं तुज्या हातात माजा हात न्हाय."

दोन दिले असते तर बरं झालं असतं. चार देऊन त्यांनी मला बाजारासमोर चोर केलं. आप्पांचा शब्द तिथं कुणी तपासून बघत नसे. पुढच्या बाजारापासून माझ्याशी सौदा करायचा तर माणसं म्हणायची, "दत्ताभाऊ, तोंडानंच बोलू या की. आता कोण रुमाल करतंय?" आणि पलीकडं जाऊन दुसऱ्याबरोबर रुमाल करायची. मी प्रत्येकाशी भांडलो. भांडून हात मिळत नाही. सगळा बाजार भरलेला, आणि मी आपला म्हशीपाशी उभा, रुमाल खांद्यावर तसाच.

असे काही महिने गेले. एक दिवस सुनंदाचा फोन आला.

"दत्तामामा, तुमचं आप्पांशी वाकडं हाय, मला ठाव हाय. पर त्यांच्या हातनं रोज कप पडतोय. बटन लागंना झालंय. सकाळी हात झटकत बसत्यात. कुणाचं ऐकंनात. तुमी शिव्या घातल्या तर यितील दवाखान्याला."

मी गेलो. जायचं नव्हतं, पण गेलो. आप्पा सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवर, बसले होते. बसलेले आप्पा बघायची मला सवय नव्हती.

"काय पावणं," ते म्हणाले. मला. पावणं.

मी म्हणालो, "उठा. गाडी चालू ठेवलीया."

शहरातल्या डॉक्टरबाईंनी पाय बघितले. नडगीवर त्यांनी बोट दाबलं आणि उचललं, तर तिथं खळगा तसाच राहिला. आप्पांनी त्या खळग्याकडं बघितलं आणि मान फिरवली. मग बाईंनी त्यांचे डोळे मिटायला लावले आणि एकेका बोटाच्या टोकाला बारीक टोचून विचारू लागल्या, कळतंय का? अंगठा, नाही. त्याशेजारचं, नाही. मधलं, "जरा मुंग्या." अनामिकेला त्यांनी करंगळीच्या बाजूनं टोचलं तेव्हा हात हलला. करंगळीला तर आप्पांनी चांगला आवाज केला.

मी त्यांच्या मागं उभा होतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं. बास.

"कुठलं औषध चालू आहे?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाय."

सुनंदानं पिशवीतून ती बाटली काढून टेबलावर ठेवली. तिला म्हशीच्या औषधाची शंका आधीच आली होती. घरात त्या वेळी म्हैस नव्हती. बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि आप्पांना दाखवलं. "हे बघा, यावर इंग्रजीत लिहिलंय, फक्त संशोधनासाठी, माणसाला देण्यासाठी नाही. आत खरं काय आहे आणि किती आहे, हे मी तर सोडाच, विकणाराही सांगू शकणार नाही."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती वाढीचं हार्मोन सोडते, आपल्या वेळेला, बेतानं. हे औषध म्हणजे ते हार्मोन नव्हे. हे त्या ग्रंथीला टोचणी लावतं, की सोड, आणखी सोड. या जातीची काही औषधं ठरावीक आजारांत डॉक्टर देतातही, पण तपासण्या करून, लक्ष ठेवून. असं घरी टोचून घेतलं की अंगात पाणी धरतं, सांधे दुखतात, मनगटातली शीर त्या सुजेत आवळली जाते आणि बोटं बधिर होतात. कुणाची भूक वाढते, कुणाची साखर चढते.

"तुमची साखर चढली आहे," त्या म्हणाल्या. "कधी कुठं गाठ निघाली होती का? काढली होती का?"

"न्हाय."

"नशीब. असल्या माणसानं तर याच्या वाटेलाच जाऊ नये."

"आनि लई वर्सं घेतलं तर काय हुतंय?"

"ते कुणालाच नीट माहीत नाही. धोका नाही असं म्हणतात ना, त्याचा अर्थ एवढाच, की कुणी पुरेशी वर्षं बघितलेलं नाही."

आप्पांनी ती बाटली उचलली आणि उलटसुलट करून बघितली.

"म्हंजे बाई," ते म्हणाले, "हे पान्हा सोडाय लावायचंच हाय."

बाईंना ते कळलं नाही. त्यांनी विचारलं, "काय?" आप्पांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. क्षणभर मला वाटलं, आता म्हणतील. दत्त्या, तू चारच धरलीस. आम्ही दोघंही तोच हिशेब करत होतो, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी वाट बघितली. त्यांनी सुनंदाला विचारलं, "फी किती झाली बघ गं."

त्यांना दारात सोडताना मी म्हणालो, "आप्पा, ते बाजारात सांगाय लागंल तुमाला."

"बघू," ते म्हणाले.

हेड्यानं बघू म्हटलं की त्याचा अर्थ नाही. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी गाडी अशी जोरात वळवली की चाकाखालनं खडी उडाली.

तिथनं मी थेट रणजितच्या जिमला गेलो. आधी गाणी बंद करायला लावली, मग बोललो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो पोरगा वाईट नाही. घाबरला, पण म्हणाला, "दत्तामामा, कितीतरी जण घेत्यात की. कुणाला काय झालंय?"

"कुणाला काय झालं हे बघितलंय कुणी? तू बघितलंस? टोचल्यावर एकाच्या तरी घरी गेलतास?"

आरशात सगळीकडं मीच दिसत होतो, लालबुंद, हात वर केलेला. मी हात खाली घेतला. ज्याच्याशी भांडायचं होतं तो हा नव्हता.

आप्पांनी औषध त्याच दिवशी बंद केलं. सूज उतरली, साखर खाली येऊ लागली. मनगटाचं छोटं ऑपरेशन करावं लागलं. बाई म्हणाल्या, शीर फार दिवस आवळलेली होती, सगळं परत येईलच असं नाही, वाट बघा. हे मला सुनंदा फोनवर सांगायची. मी विचारायचो, "माज्याबद्दल काय म्हणत्यात?" ती म्हणायची, "काय न्हाय, मामा." मी फोन ठेवून द्यायचो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचो.

गोठ्यात नवीन म्हैस आली की मला पहिल्यांदा त्यांची आठवण यायची. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला असता, काय म्हणाले असते, ते मी मनात म्हणून घ्यायचो. राग होता, आहे. पण रागाला बसायला घर लागतं, आणि माझ्या रागाचं घर त्यांच्याच सोप्यात होतं.

एका बाजाराच्या दिवशी मी टाकीपाशी म्हशींना पाणी दाखवत होतो. टाकी बाजाराच्या पार कोपऱ्यात आहे. टपरीवाला इब्राहिम धावत आला, हातात किटली तशीच.

"अरं दत्ताभाऊ, हितं काय करालाईस? आप्पा आलतं. बोलून गेलं बी."

"काय बोललं?"

इब्राहिमनं सांगितलं. आप्पा टपरीपाशी आले, चहा नको म्हणाले, उभे राहिले. बाजार चांगला भरेपर्यंत थांबले. मग रुमाल खांद्यावरून काढला आणि म्हणाले, ऐका रं जरा. दत्त्यानं चारच धरलती. बोटं माजी मेलती. तरणा व्हायला सुया घेत हुतो मी, पान्हा सोडाय लावायच्या. म्हशीला टोचणाऱ्याला मी हितं उभं करून घेतलं न्हाय, आनि सोताला टोचून घेतलं. दत्त्याचा हात चोख हाय.

एकजण हसला म्हणे. बाकी कुणी हसलं नाही.

मग इब्राहिमच्या मागनं आणखी दोघं आले आणि त्यांनी आपापल्या परीनं सांगितलं. एकजण म्हणाला, आप्पा दत्त्या नाही, दत्ताजीराव म्हणाले. दुसरा म्हणाला, छे, त्यांनी हात वर करून बोटं मोजून दाखवली. मला कळेना कुणाचं खरं धरावं. ज्या एका वाक्यासाठी मी इतके महिने जळत होतो, ते सगळ्या बाजारानं ऐकलं आणि मी म्हशींच्या मागं होतो.

मी दावी इब्राहिमच्या हातात दिली आणि रस्त्याला आलो. वडापची जीप माणसं भरायला थांबली होती. आप्पा खिडकीपाशी बसले होते, वाळलेले, गालांवर पुन्हा सुरकुत्या. मांडीवर उजवा हात उताणा ठेवून अंगठा एकेका बोटाला टेकवत होते, डॉक्टरबाईंनी शिकवलेला व्यायाम. मी खिडकीला धरलं.

"आप्पा, काय बोललासा म्हनं?"

"ज्येंनी ऐकायचं त्येंनी ऐकलं."

"मी न्हवतो."

"मग?"

"मला सांगा की."

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत जुनी बाजारातली चमक होती, सौदा आपल्या बाजूला झुकल्यावर यायची ती.

"तुला ठावच हाय की. ज्येंना ठाव न्हवतं त्येंना सांगितलं. तुला काय सांगायचं?"

"तरी बी."

"घासाघीस करू नगंस, दत्त्या," ते म्हणाले.

ड्रायव्हरनं गिअर टाकला. मला खिडकी सोडावी लागली. दत्त्या म्हणाले, पावणं नाही, एवढं माझ्या लक्षात आलं तोवर वडाप पुढं गेली होती. वळणावर ती पुन्हा थांबली. गवताचा भारा घेतलेली एक बाई चढली, आप्पा तिला जागा द्यायला आत सरकले, आणि खिडकीत तो हिरवा भारा आला.